नंबर कधी नव्हताच, की कुणी घासून काढला?

अमेरिकेत घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं घर विकायच्या आधी सामान विकायला काढतात. भांडी, खुर्च्या, हत्यारांची पेटी, आणि पुष्कळदा कपाटामागे नाहीतर तळघरात उभी करून ठेवलेली एखादी पॉइंट टू-टू, म्हणजे छोट्या गोळीची, रायफल किंवा छर्रे उडवणारी एकनळी शॉटगन. घेणारा ती उलटीपालटी करून बघतो. नळीवर कंपनीचं नाव आहे, मॉडेल आहे, कुठली गोळी चालेल तेही लिहिलेलं आहे. नंबर मात्र कुठेच नाही. भारतातून तिकडे गेलेल्या माणसाच्या मनात लगेच येतं, ही काहीतरी भानगड दिसते, हात लावायला नको.

बहुतेक वेळा भानगड नसते. अशा लाखो बंदुका अमेरिकेत घराघरांत आहेत, त्या विकता येतात, विकत घेता येतात, दुकानदारही त्या उघडपणे ठेवतात. पण याच बंदुकीच्या शेजारी, दिसायला जवळजवळ तशीच, दुसरी एक बंदूक असू शकते आणि ती नुसती जवळ बाळगली तरी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. दोन्हींवर नंबर नाही. फरक एवढाच, की पहिलीवर कंपनीने नंबर टाकलाच नव्हता आणि दुसरीवर टाकलेला नंबर कुणीतरी काढला. कायदा सगळा या एका फरकाभोवती फिरतो.

हा फरक कुठून आला ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

बंदुकांवर नंबर टाकायची पद्धत सरकारने सुरू केली नाही, कारखान्यांनी केली. कोल्ट, स्मिथ अँड वेसन, विंचेस्टर या कंपन्या एकोणिसाव्या शतकापासून आपल्या महागड्या मालावर नंबर पंच करत होत्या. जुळवणी करताना सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत, कुठला माल कुठल्या व्यापाऱ्याला गेला याची वहीत नोंद राहावी, एवढाच त्यामागचा हेतू. सैन्याच्या बंदुकांनाही नंबर असायचे, कारण शिपायाच्या नावावर हत्यार मांडायला काहीतरी खूण लागते. पण पोराला ससे नि खारी मारायला घेऊन दिलेली स्वस्तातली रायफल? तिच्यावर नंबर टाकायचा म्हणजे एक काम वाढलं, एक वही वाढली, आणि माल तर चार डॉलरांनी स्वस्त म्हणून विकायचा. मग बऱ्याच कंपन्यांनी तो खर्चच केला नाही.

विंचेस्टरची मॉडेल 67 हे याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. 1934 ते 1963 एवढी वर्षं ही रायफल बनली. एका वेळी एकच गोळी भरायची. बोल्ट, म्हणजे गोळी आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा, बंद केल्यावरही ती झाडायला तयार होत नाही. बोल्टच्या मागच्या टोकाला एक गोल मूठ असते, ती हाताने मागे ओढावी लागते, मग चाप ओढायचा. लाकडी दस्त्याच्या खालचा एक मोठा स्क्रू सोडवला की नळी दस्त्यापासून वेगळी होते. अगदी साधं, पोराच्या हातात द्यायचं हत्यार. अमेरिकेच्या बाजारात विकलेल्या या रायफलींवर कंपनीने नंबर टाकलेला नाही. त्याच कंपनीची मॉडेल 37 ही एकनळी शॉटगनही तशीच.

सिअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड ही दोन मोठी कॅटलॉगवाली दुकानंही यात आली. सिअर्स जे. सी. हिगिन्स या नावाने आणि वॉर्ड वेस्टर्न फील्ड या नावाने बंदुका विकत असत. बनवणारे सॅव्हेज, स्टीव्हन्स, मॉसबर्ग, मार्लिन वगैरे दुसरेच, वर छाप दुकानाचा. या मालात नंबर नसलेल्या बंदुका ढिगाने सापडतात.

आता गंमत अशी, की नंबर खोडायला बंदी आली 1938 मध्ये आणि नंबर टाकायची सर्वांवर सक्ती आली त्यानंतर तीस वर्षांनी. 1938 च्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्याने सांगितलं, की कारखान्याचा नंबर काढलेली किंवा बदललेली बंदूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊ नका, पाठवू नका, जाणूनबुजून घेऊ नका. पण नंबर टाकाच, असं त्यात नव्हतं. 1958 च्या नियमांत नंबर टाकायचं बंधन आलं, तेही शॉटगन आणि पॉइंट टू-टू रायफली वगळून. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात असणारी हत्यारं बाहेरच राहिली.

मग 22 नोव्हेंबर 1963 ला डलासमध्ये अध्यक्ष केनेडींचा खून झाला. गोळ्या जिथून झाडल्या त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर सापडलेली इटालियन कारकानो रायफल जुनी, सैन्याने काढून टाकलेली होती, पण तिच्यावर नंबर होता: सी 2766. त्या नंबरावरून एफबीआयची माणसं आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून शिकागोच्या क्लाइन्स या दुकानापर्यंत पोचली. दुकानातल्या लोकांनी रात्रभर बसून ऑर्डरींच्या मायक्रोफिल्म चाळल्या आणि पहाटेपर्यंत कागद हाती आला. ए. हिडेल या खोट्या नावाने, मासिकातली जाहिरात कापून, दुर्बिणीसकट 19 डॉलर 95 सेंटला, टपालाने मागवलेली रायफल. अक्षर खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या ली हार्वे ऑसवाल्डचं निघालं. नंबर असला तर काय होतं हे एका रात्रीत साऱ्या देशाने पाहिलं. आणि अशी रायफल पोस्टाने कुणालाही घरपोच मिळते हेही पाहिलं.

तरी कायदा व्हायला पाच वर्षं गेली. 1968 च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे संसदेत हालचाल झाली. 22 ऑक्टोबर 1968 ला अध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली आणि त्यातली बहुतेक कलमं त्याच वर्षी 16 डिसेंबरला लागू झाली. परवानाधारक कारखानदाराने आणि आयातदाराने प्रत्येक बंदुकीवर नंबर टाकलाच पाहिजे, मग ती शॉटगन असो की पोराची रायफल. पण कायदा पुढे बघणारा होता. आधी बनून घरोघरी गेलेल्या बंदुका गोळा करून त्यांच्यावर नंबर टाका असं त्याने सांगितलं नाही. कुणाला ते शक्यही नव्हतं. म्हणून 1968 पूर्वीची, कारखान्यातूनच बिननंबराची आलेली बंदूक आजही फेडरल कायद्याने चालते.

खोडलेल्या नंबराचं मात्र जुनं-नवं काही नाही. 1990 पर्यंत मुख्य भर ने-आण करण्यावर होता. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कधीही राज्याच्या सीमा ओलांडून गेलेली, नंबर खोडलेली बंदूक जाणूनबुजून नुसती जवळ ठेवणं हाही गुन्हा झाला. एका राज्यात बनून दुसऱ्या राज्यात विकलेली बंदूक म्हणजे जवळजवळ प्रत्येक बंदूक. आजोबांनी 1950 मध्ये कानशीने नंबर घासला असेल तरी तो घासलेलाच. नातवाने तो घासला नाही म्हणून ती बंदूक शुद्ध होत नाही.

यावर एक खटलाही गाजला. 2022 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत आला 1791 मध्ये, तेव्हा नंबर ही चीजच नव्हती, मग नंबर नाही म्हणून हक्क कसा काढून घेणार, असा त्यांचा युक्तिवाद. ऐकायला चमकदार. पण ऑगस्ट 2024 मध्ये वरच्या कोर्टाने पूर्ण पीठासमोर ते उलटवलं. कायद्याने वागणारी माणसं सर्वसाधारणपणे नंबर खोडलेल्या बंदुका वापरत नाहीत, असं त्यांनी म्हटलं. आपल्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की 2022 च्या निकालाच्या बातमीवर विसंबून कुणी असली बंदूक घेऊ नये.

हातात घेतल्यावर काय बघायचं

पहिली गोष्ट, ही कुठल्या जातीची बंदूक आहे ते ओळखा. एकनळी शॉटगन आणि साधी पॉइंट टू-टू रायफल बिननंबराची असणं स्वाभाविक आहे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांचं तसं नाही. नामांकित कंपन्यांच्या छोट्या हत्यारांवर शंभरहून अधिक वर्षं नंबर असतातच. कोल्टचं पिस्तूल समोर आलं आणि नंबर दिसत नाही, तर विकणारा कितीही सज्जन वाटला तरी मी तिथून निघेन. सैन्यातून आलेल्या रायफलींचंही तेच.

दुसरी गोष्ट, नंबर खरंच नाही का ते नीट बघा. जुन्या बंदुकांवर तो कुठेही असू शकतो: नळीच्या बुडाशी खालच्या बाजूला, चापाभोवतीच्या कडीवर, रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या लाकडाखाली, दुनळीत नळ्या मोडून उघडल्यावर दिसणाऱ्या सपाट भागावर. कधी गंजाखाली, कधी वर्षानुवर्षांच्या तेलकट किटणाखाली दबलेला असतो. याच्या उलटही होतं. नळीवर सहा-सात आकडी संख्या दिसते आणि लोक तोच नंबर धरून बसतात, पण शेजारी 'पेटंट' असं लिहिलेलं असतं. ती पेटंटची संख्या. त्या मॉडेलच्या प्रत्येक बंदुकीवर तीच असते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पृष्ठभाग. कारखान्याचा निळा-काळा मुलामा सगळीकडे सारखाच उडालेला असतो: हात लागतो तिथे जास्त, कोपऱ्यात कमी. पण जिथे नंबर असायला हवा नेमका तेवढाच चौकोन जास्त गुळगुळीत, किंचित खोलगट, किंवा आडव्या ओरखड्यांनी भरलेला असेल, किंवा तिथे वेल्डिंगचा थर, नाहीतर टोचे मारल्यासारखे खड्डे असतील, तर प्रश्न संपला. ती घ्यायची नाही. नंबर पंच करताना खालचं लोखंडही दबलेलं असतं, त्यामुळे वरचा थर काढला तरी प्रयोगशाळेत पुष्कळदा तो परत वाचता येतो. म्हणजे गुन्हा लपतही नाही, फक्त तो नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. हौसेने संपूर्ण बंदूक पॉलिश करून घेतलेल्यांचाही एक प्रकार असतो. त्यात नंबर अर्धवट पुसट झालेला असू शकतो. असं काही दिसलं तर विकणाऱ्याचं स्पष्टीकरण ऐकून समाधान मानू नये. वकिलाला विचारावं.

चौथी गोष्ट, बनल्याचं वर्ष. काही मॉडेलं 1968 च्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे बनली, आणि तिथेच गफलत होते. रेमिंग्टनची 514 घ्या. ती 1948 पासून बनत होती आणि 1968 नंतरही थोडा काळ बनली. आधीचीवर नंबर नसला तर ठीक, नंतरचीवर नसेल तर तो कुठे गेला हे विचारायला हवं. सुदैवाने रेमिंग्टन नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरजवळ (बोल्ट आणि चापाची यंत्रणा ज्यात बसते तो मधला सांगाडा), बारीक अक्षरांत बनल्याचा महिना आणि वर्ष पंच करत असे. महिन्याची बारा अक्षरं जुने लोक एका शब्दावरून लक्षात ठेवतात: 'ब्लॅकपावडर' हा शब्द इंग्रजीत लिहायचा आणि शेवटी एक्स जोडायचा. बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, असं करत शेवटचा एक्स म्हणजे डिसेंबर. वर्षाची अक्षरं वेगळी, त्यांचा तक्ता संग्राहकांकडे असतो. फक्त ध्यानात ठेवा, ही तारीख नळीची आहे. कुणी नळी बदलली असेल तर ती बाकीच्या बंदुकीबद्दल काही सांगत नाही. कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे रिसीव्हर. नळी, दस्ता, चाप हे सगळे सुटे भाग.

दुकानातून घेताना

परवानाधारक दुकानदाराकडून घेणं हा सगळ्यात सरळ मार्ग, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याने तोच धरावा असं माझं मत. तिथे 4473 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व, गुन्हे, न्यायालयाचे आदेश यांवरचे प्रश्न तुम्ही भरायचे आणि खाली सही करायची. बंदुकीच्या तपशिलात बनवणारा, मॉडेल, नंबर, प्रकार, बोअर (नळीच्या आतली रुंदी) अशी घरं असतात. नंबराच्या घरात काय लिहायचं याची सूचना फॉर्मवरच दिलेली आहे: 1968 पूर्वीची, कायदेशीररीत्या बिननंबराची बंदूक असेल तर 'एनएसएन', म्हणजे नो सीरियल नंबर, किंवा 'नन' किंवा 'एनए' लिहा. सरकारी फॉर्ममध्येच ही सोय असल्यावर अशी बंदूक विकणं मुळातच बेकायदा आहे ही समजूत टिकत नाही. घर रिकामं सोडू देऊ नका. रिकाम्या घरात पुढे कुणीही काहीही लिहू शकतो.

त्यानंतर दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो. ही तपासणी नोव्हेंबर 1998 पासून आहे आणि पुष्कळदा काही मिनिटांत उत्तर येतं. दुकानातून रायफल किंवा शॉटगन घ्यायला वय अठरा, पिस्तुलाला एकवीस पूर्ण हवं. काही राज्यांत याहून जास्त.

बंदुकीचा मागही याच कागदांवरून काढतात. आपल्याकडे वाटतं, तिथे कुठेतरी मोठा कॉम्प्युटर असेल, नंबर टाकला की मालकाचं नाव. तसा काही नाही. 1986 च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची देशव्यापी यादी करायलाच मनाई आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचं केंद्र आहे, तिथून माणूस कारखान्याला फोन करतो, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानाचं, आणि दुकानदार आपल्या वहीत बघून पहिल्या गिऱ्हाइकाचं. बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या खोकी भरभरून याच केंद्रात येतात. ही साखळी नंबराने सुरू होते. नंबर नसेल तर पहिलीच कडी नाही. म्हणूनच पोलिसांना असल्या बंदुका आवडत नाहीत, आणि म्हणूनच प्रामाणिक मालकाने स्वतःचे कागद नीट ठेवायला हवेत.

खाजगी व्यवहारात हे कागद अधिकच लागतात. एकाच राज्यात राहणाऱ्या दोन माणसांनी आपापसात बंदूक विकली तर फेडरल कायदा तपासणी मागत नाही, पण कॅलिफोर्नियासारखी बरीच राज्यं मागतात. तिथे दोघांनी मिळून दुकानदाराकडे जायचं. दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घ्यायची तर परवानाधारक दुकानदार मध्ये हवाच. अपवाद वारसाहक्काचा. मृत्युपत्राने किंवा वारस म्हणून मिळालेली बंदूक दुसऱ्या राज्यातही थेट घेता येते, अर्थात ती ठेवायचा हक्क तुम्हाला असेल तर. कागदावर काय हवं? दोघांची नावं, तारीख, किंमत, आणि बंदुकीचं तपशीलवार वर्णन: मॉडेल, बोअर, नळीची लांबी, दस्त्यावरचे ओरखडे, 'कारखान्याचा नंबर मूळचाच नाही' असं स्पष्ट वाक्य. चारही बाजूंनी फोटो काढा. चोरी झाली तर तक्रारीत सांगायला तुमच्याकडे एवढंच असणार आहे.

स्वतःहून नंबर कोरून घ्यावा का, असं काही जण विचारतात. फेडरल कायद्याने तशी गरज नाही. आणि जिथे नंबर घासल्याचा संशय आहे तिथे वरून नवा नंबर मारणं म्हणजे संकटात आणखी एक भर.

संग्राहकांसाठी एक वेगळा परवाना आहे, 'क्युरिओ अँड रेलिक'. तीन वर्षांची फी 30 डॉलर. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या बंदुका त्यावर दुसऱ्या राज्यातूनही घेता येतात. 1968 पूर्वीचं सगळं आता त्यात बसतं. आणि 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक तर फेडरल गन कंट्रोल ॲक्टच्या व्याख्येत 'फायरआर्म'च नाही, ती अँटिक. राज्याचे कायदे मात्र तिथेही आड येऊ शकतात.

व्हिसावर असाल तर

आपल्या लोकांनी हा भाग दोनदा वाचावा. एच-वन बी, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायला मनाई आहे. नंबर असो वा नसो, नवी असो वा जुनी. याला थोडे अपवाद आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. पण ऑफिसातल्या मित्राने 'अरे, शिकारीचं लायसन काढ आणि घे' म्हटलं, एवढ्यावर जाऊ नये. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारलेलं बरं. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढता येतं. ज्या चुकीसाठी अमेरिकन शेजारी दंड भरून सुटेल, तिथे आपलं बिऱ्हाड उठू शकतं.

त्यातून मराठी माणसं जिथे जास्त आहेत ती न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय ही सगळी कडक कायद्यांची राज्यं. न्यू जर्सीत रायफल किंवा शॉटगन घ्यायच्या आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र. आणि गेल्या काही वर्षांत एक नवी डोकेदुखी आली आहे, घोस्ट गन. घरी किटमधून जुळवलेल्या, थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या बिननंबराच्या बंदुका. 2022 मध्ये एटीएफने त्यांच्या किटवर नंबर लावायचा नियम आणला आणि मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी तो उचलून धरला. काही राज्यांनी तर बिननंबराची बंदूक बाळगण्यावरच बंदी घातली. 1968 पूर्वीच्या कारखान्याच्या बंदुका या कायद्यांचं लक्ष्य नाहीत, पण सूट कशी लिहिली आहे हे राज्यागणिक बदलतं. गाडीच्या डिकीत आजोबांची रायफल टाकून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याआधी दोन्हीकडचे कायदे वाचून घ्या.

भारतात मात्र उलटं

हे वाचून कुणाला गावच्या वाड्यातली बंदूक आठवली असेल तर थांबा. भारताचा शस्त्र कायदा 1959 चा आणि त्याचं आठवं कलम अमेरिकेच्या बरोबर उलट्या टोकाला आहे. नंबर खोडायला, बदलायला बंदी आहेच. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय, की बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा दुसरी मान्य ओळखखूण नसलेलं अग्निशस्त्र कुणी विकू नये, हस्तांतरित करू नये. नंबर मुळात होता की नव्हता, हा प्रश्नच इथे विचारलेला नाही. आणि पुढचं पोटकलम त्याहून कडक: अशी बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच नंबर खोडला असं गृहीत धरायचं, तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. कायदा 1 ऑक्टोबर 1962 ला लागू झाला तेव्हा ज्यांच्याकडे आधीपासून अशा बंदुका होत्या त्यांना या गृहीतकातून एक वर्षाची सवलत दिली होती. ते वर्ष सरून साठ वर्षं झाली.

मला हे गृहीतक जरा अन्यायाचं वाटतं. ज्या कोकणात गावच्या लोहाराने घडवलेल्या ठासणीच्या बंदुका पिढ्यानपिढ्या डुकरं आणि माकडं हाकायला वापरल्या, तिथे कारखान्याचा नंबर येणार कुठून? शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ज्यांनी त्या नोंदवून घेतल्या, त्यांचं ठीक. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि नंतर परत आणायच्या, एवढीच कटकट. ज्यांनी नोंदवल्या नाहीत, त्यांच्याकडे ना परवाना ना नंबर. पण कायदा आवडो न आवडो, तो असा आहे.

एक फट आहे, तीही अरुंद. कलम 45 मध्ये जुन्या बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण अट अशी, की ते हत्यार जसंच्या तसं किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालता कामा नये. दिवाणखान्यात टांगलेली तोड्याची बंदूक चालते की नाही हे घरच्यांनी ठरवायचं नसतं, शस्त्रतज्ज्ञ ठरवतो. शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 चा पुराणवस्तू कायदाही लागू शकतो. मग ती परदेशात नेता येत नाही, न्यू जर्सीतल्या भिंतीवर लावायलाही नाही. तिकडची इकडे आणायची तर आयातीचा परवाना हवा. सामानात गुंडाळून आणलेली बंदूक विमानतळावरच अडते, आणि आणणारा माणूसही.

वडिलांच्या मागे कपाटात परवान्याची बंदूक सापडली, तर ती परवान्याशिवाय घरात ठेवायची नाही, विकायचीही नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेली धरून. जमा करताना पावती घ्या आणि तिच्यावर बंदुकीचं पूर्ण वर्णन लिहून घ्या: एकनळी की दुनळी, बोअर, नळीवरची अक्षरं, परवान्यावर लिहिलेला नंबर. प्रत्यक्ष बंदुकीवर तो नंबर दिसत नसेल, पुसट असेल किंवा परवान्यातल्या नंबराशी जुळत नसेल, तर ते त्याच दिवशी, त्याच टेबलावर लेखी नोंदवून घ्या आणि शिक्का मारलेली प्रत घेऊनच बाहेर पडा.